जुन्या पॅकेजमधून डोमेन बाहेर काढताना: स्थलांतराच्या नोंदी

३ मार्च

माझे वैयक्तिक संकेतस्थळ बऱ्याच वर्षांपासून एकाच कंपनीकडे आहे. डोमेनची (म्हणजे साइटच्या नावाची) नोंदणी, नेमसर्व्हर (ते नाव कोणत्या पत्त्यावर आहे हे सांगणारे सर्व्हर), होस्टिंग (पाने ठेवण्याची जागा) आणि ईमेल या चारही गोष्टी ‘होस्टिंगसोबत डोमेन मोफत’ अशा एका पॅकेजमध्ये बांधलेल्या आहेत. डोमेनची आणि पॅकेजची मुदत २८ मे रोजी संपते. नूतनीकरणासाठी आता मागितलेली रक्कम पहिल्या वर्षी भरलेल्या रकमेच्या कितीतरी पट आहे आणि त्यात कशाचे किती धरले आहेत याची फोड कुठेही दिलेली नाही. म्हणून हे पॅकेज मोडून चारही गोष्टी वेगळ्या करायचे ठरवले आहे. साइट बंद पडू नये आणि एकही ईमेल हरवू नये, या दोन अटी आहेत. हेच काम हाती घेणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून नोंदी ठेवत आहे.

सुरुवातीला कोणती गोष्ट नेमकी कोणाच्या हातात आहे हे पाहिले. कंपनीच्या पॅनेलवर विसंबून न राहता डोमेनची माहिती आरडॅपवर (डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या सार्वजनिक सेवेवर) काढली. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण डोमेनांसाठी २८ जानेवारी २०२५ पासून हूइज ही जुनी माहितीसेवा देण्याचे बंधन उठले असून आता आरडॅप हाच अधिकृत मार्ग आहे. तेथे रजिस्ट्रार (डोमेनची नोंदणी करणारी मान्यताप्राप्त कंपनी) म्हणून जे नाव दिसले ते मी पैसे भरत असलेल्या कंपनीचे नव्हतेच. म्हणजे ती कंपनी केवळ पुनर्विक्रेता आहे आणि खरा रजिस्ट्रार तिच्या मागे आहे. पुढे ट्रान्सफरचा (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याचा) कोड मागताना याचा संबंध येणार, म्हणून ते नाव लिहून ठेवले. मुदतीची तारीख पॅनेलवरच्या तारखेशी जुळते. ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ ही स्थिती लावलेली आहे. ते रजिस्ट्रारचे नेहमीचे कुलूप असून मालकाला ते काढून घेता येते. नेमसर्व्हर जुन्या कंपनीचे आहेत, आणि डोमेनवर डीएनएसेक (नेमसर्व्हरच्या उत्तरांवर डिजिटल सही करण्याची सोय) चालू असल्याचेही दिसले. पॅनेलमध्ये याचा उल्लेख कुठेच नव्हता.

५ मार्च

डोमेन आपल्या नावावर आहे का, हे आरडॅपवरून कळत नाही. मे २०१८ पासून खासगी व्यक्तींचे तपशील अशा नोंदींत सहसा झाकलेले असतात. त्यासाठी पॅनेलमधले नोंदणीदाराचे पान उघडले. नाव माझेच होते, मात्र दोन गोष्टी खटकल्या. ‘संस्था’ या रकान्यात संकेतस्थळाचे नाव लिहिलेले होते. त्या रकान्यात काही लिहिलेले असेल तर डोमेनची धारक ती संस्था समजली जाते, आणि अशी संस्था अस्तित्वातच नसेल तर वाद निर्माण झाल्यावर मालकी सिद्ध करणे अवघड जाते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती: संपर्कासाठी दिलेला ईमेल पत्ता याच डोमेनवरचा होता. डोमेन किंवा होस्टिंग बंद पडले की तो पत्ताही बंद पडतो, आणि ते परत मिळवण्याचे सारे दुवे नेमके त्याच पत्त्यावर येतात. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावे, तशी ही व्यवस्था आहे.

संस्थेचा रकाना रिकामा केला आणि संपर्काचा पत्ता दुसऱ्या सेवेवरचा दिला. बदल पक्का करण्याचे ईमेल आले, दुवा उघडला, आणि लगेच पॅनेलवर सूचना दिसली की डोमेन ६० दिवस दुसरीकडे नेता येणार नाही. नोंदणीदाराचे नाव, संस्था किंवा ईमेल बदलल्यास असे कुलूप लावण्याचा नियम आयकॅन या डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या ट्रान्सफर धोरणात आहे, आणि बदल करण्याआधीच नकार कळवला तर ते टाळता येते. पण ती सोय रजिस्ट्रारने दिलेली असावी लागते. येथे तसा कोणताही पर्याय पुढे आला नाही. मदतकक्षाने ‘हे काढता येत नाही’ असे एका ओळीत कळवले.

कुलूप ४ मे रोजी उघडेल आणि मुदत २८ मे रोजी संपते, म्हणजे वेळ पुरेसा आहे. मुदत जवळ आलेली असती तर जुन्याच ठिकाणी आणखी एका वर्षाचे पैसे भरावे लागले असते. ज्यांना डोमेन हलवायचे आहे त्यांनी नोंदणीदाराच्या तपशिलाला हात लावण्यापूर्वी ट्रान्सफर आधी करावी की नंतर, याचा विचार अवश्य करावा. खात्यात लॉग-इन करण्याचा पत्ता आणि डोमेनच्या नोंदणीदाराचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला बदलल्याने हे कुलूप लागत नाही.

आता कामाचा क्रम उलटा करावा लागेल: आधी नेमसर्व्हर, होस्टिंग आणि ईमेल हलवायचे, डोमेन सर्वांत शेवटी. विचार केल्यावर हाच क्रम बरा वाटतो, कारण ट्रान्सफर होईल तेव्हा डोमेनचे दुसरे काहीही जुन्या कंपनीवर अवलंबून नसेल.

९ मार्च

डीएनएसची, म्हणजे नेमसर्व्हरची, सेवा स्वतंत्र ठिकाणी घेतली आणि जुने सर्व रेकॉर्ड (डोमेनच्या नोंदी) तेथे उतरवून घ्यायला बसलो. जुन्या पॅनेलमध्ये झोन फाइल (डोमेनच्या सर्व रेकॉर्डची यादी) बाहेर काढण्याची सोय नाही. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या ‘डिग’ या आज्ञेने एकदम सगळे रेकॉर्ड मागता येतील असे अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. ‘एनी’ (सर्व काही) प्रकारच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देणे सर्व्हरवर बंधनकारक नाही, आणि २०१९ च्या आरएफसी ८४८२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने त्याला त्रोटक उत्तर देण्याची रीतसर मुभाच दिलेली आहे. म्हणून प्रत्येक नाव आणि प्रत्येक प्रकार वेगळा विचारावा लागला: ए (साइटचा आयपी पत्ता), चौपट ए (आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता), एमएक्स (ईमेल कुठे पोहोचवायचे), टीएक्सटी (मोकळा मजकूर), सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट), सीएए (प्रमाणपत्र कोणी द्यावे). हे प्रश्न थेट जुन्या नेमसर्व्हरलाच विचारले, म्हणजे मधल्या कॅशमधले (तात्पुरत्या साठ्यातले) शिळे उत्तर मिळण्याचा संभव राहत नाही.

सीएए रेकॉर्डने चांगलाच खोळंबा केला असता. त्यात एका ठराविक संस्थेलाच या डोमेनसाठी सुरक्षित जोडणीचे (एचटीटीपीएसचे) प्रमाणपत्र देण्याची परवानगी होती, आणि मला लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र घ्यायचे आहे. सप्टेंबर २०१७ पासून प्रमाणपत्र देणाऱ्या सर्व संस्थांना हा रेकॉर्ड तपासावाच लागतो. जुन्या झोनमध्येच लेट्स एन्क्रिप्टचे नाव जोडून घेतले.

सर्वांत जास्त वेळ डीकिमच्या (ईमेलवरची डिजिटल सही तपासण्याची की देणाऱ्या) रेकॉर्डने घेतला. झोनच्या पानावर तो दिसत नव्हता, कारण कंपनीने तो ईमेलच्या विभागात ठेवला आहे. बाहेरून विचारायचा तर त्याचा सिलेक्टर (त्या कीचे नाव) माहीत असावा लागतो, आणि सिलेक्टरांची यादी मागण्याची सोय डीएनएसमध्ये नाही. शेवटी स्वतःलाच एक ईमेल पाठवले, त्याचा मूळ मजकूर उघडला आणि डीकिम-सिग्नेचर या शीर्षओळीत ‘एस’ या अक्षरापुढे काय लिहिले आहे ते पाहिले. तो शब्द, त्यापुढे ‘_डोमेनकी’ आणि त्यापुढे डोमेनचे नाव, असे जोडून विचारल्यावर रेकॉर्ड मिळाला. हा राहून गेला असता तर साइट व्यवस्थित चालली असती आणि ईमेल मात्र गुपचूप स्पॅममध्ये जाऊ लागली असती. अशा बिघाडाचा पत्ता फार उशिरा लागतो.

१३ मार्च

होस्टिंगसाठी तीन पर्याय पाहिले: पुन्हा शेअर्ड होस्टिंग (अनेक साइटांचा सामायिक सर्व्हर), स्थिर पाने ठेवणारी तयार सेवा, आणि स्वतः सांभाळायचा लहान व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर). माझ्या साइटवर लेख आणि छायाचित्रे आहेत. डेटाबेस केवळ पाने बनवण्यापुरता वापरला जात होता. सर्व पाने स्थिर एचटीएमएलमध्ये काढून घेतली. डेटाबेस, प्लगइन आणि त्यांची सततची अद्ययावतने यांचा प्रश्नच त्यामुळे मिटला. इतक्या साध्या साइटला तयार सेवा पुरली असती, परंतु सर्व्हरच्या लॉगवर माझा हात असावा अशी इच्छा असल्याने व्हीपीएस घेतला. ज्यांना सर्व्हरची देखभाल करायची नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. सुरक्षेची अद्ययावतने न लावलेला व्हीपीएस हा शेअर्ड होस्टिंगपेक्षा वाईट.

खर्चाची तुलना करताना पहिल्या वर्षाची सवलतीची रक्कम बाजूला ठेवली आणि प्रत्येक ठिकाणी पाच वर्षांची बेरीज केली. डोमेनचे नूतनीकरण, होस्टिंग, ईमेल आणि बॅकअपची जागा असे चार रकाने वेगळे मांडले. स्वस्त दिसणारे दोन पर्याय या बेरजेत महाग निघाले. एका ठिकाणी ईमेल वेगळे विकत घ्यावे लागत होते, तर दुसऱ्या ठिकाणी बॅकअप घेणे मोफत होते, पण त्यातून परत आणण्याचे पैसे पडत होते.

सर्व्हरची मांडणी साधी ठेवली: एसएसएचला (दुरून सर्व्हरवर काम करण्याच्या मार्गाला) केवळ कीने प्रवेश, रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) थेट प्रवेश बंद, सुरक्षा अद्ययावतने आपोआप, फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ हे तीनच पोर्ट उघडे, आणि पाने देण्यासाठी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर.

१७ मार्च

नवीन सर्व्हरवर साइट दिसते की नाही हे डीएनएस न बदलता पाहता येते. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेनसमोर नवीन आयपी पत्ता लिहिला की फक्त त्या संगणकापुरता बदल होतो. पाने, चित्रे आणि आतले दुवे तपासून झाल्यावर ती ओळ लगेच काढून टाकली; ती तशीच राहिली तर पुढे डीएनएस खरोखर बदलले की नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र मात्र अडले. डोमेन अजून जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत असल्याने लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची तपासणी नवीन सर्व्हरपर्यंत पोहोचणारच नाही. अशा वेळी डीएनएसमधून तपासणी करून घेण्याचा मार्ग आहे: सर्टबॉट (प्रमाणपत्र आणणारा प्रोग्राम) एक मजकूर देतो, तो ‘_ॲक्मे-चॅलेंज’ या नावाच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये ठेवायचा. रेकॉर्ड ठेवला, थांबलो, तपासणी अपयशी. पुन्हा केले, पुन्हा तेच. डिगने विचारले तर ते नावच अस्तित्वात नाही असे उत्तर येत होते, आणि पॅनेलमध्ये मात्र रेकॉर्ड डोळ्यांसमोर दिसत होता.

कारण असे निघाले की पॅनेल आपण लिहिलेल्या नावापुढे डोमेन स्वतःहून जोडते. मी संपूर्ण नाव लिहिल्यामुळे प्रत्यक्षात ‘_ॲक्मे-चॅलेंज.नाव.कॉम.नाव.कॉम’ असा रेकॉर्ड तयार झाला होता. डोमेनचा भाग काढून केवळ डावीकडचा तुकडा लिहिला, तरीही माझ्या संगणकावर काही काळ ‘अस्तित्वात नाही’ हेच उत्तर येत राहिले, कारण नकारार्थी उत्तरेही कॅशमध्ये राहतात. किती वेळ राहतात हे झोनच्या एसओए (झोनची मूळ माहिती देणाऱ्या) रेकॉर्डवर ठरते. थेट अधिकृत नेमसर्व्हरला विचारल्यावर नवीन मजकूर दिसला आणि प्रमाणपत्र मिळाले. रेकॉर्ड ठेवण्याआधीच ‘आला का’ म्हणून विचारत बसू नये, हे यातून पक्के झाले.

दुसरी काळजी म्हणजे मर्यादांची. एकाच खात्यावरून एका नावासाठी तासाला पाच तपासण्या फसल्या की लेट्स एन्क्रिप्ट पुढच्या विनंत्या काही काळ थांबवते. त्यांचा चाचणीचा वेगळा सर्व्हर नेमका यासाठी आहे. सर्व प्रयोग तेथे करावेत, आणि सारे जुळल्यावरच खऱ्या सर्व्हरकडे जावे.

१९ मार्च

नेमसर्व्हर बदलण्याची तयारी. जुन्या झोनमधल्या ए रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर कॅशमध्ये किती वेळ ठेवायचे याची मुदत) ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस होता. तो ३०० वर आणला. टीटीएल कमी केल्याचा परिणाम तत्काळ होत नाही. आधीच कॅशमध्ये गेलेली उत्तरे जुन्या टीटीएलप्रमाणे दिवसभर टिकतात. म्हणून बदलाच्या किमान एक दिवस आधी हे करावे लागते.

नेमसर्व्हरच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, हे डॉट कॉमच्या सर्व्हरवर लिहिलेले असते आणि तेथे टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे. तो आपल्या हातात नाही. बदल केल्यानंतर दोन दिवसांपर्यंत काही जण जुन्या नेमसर्व्हरकडे जात राहणार, हे गृहीत धरूनच काम करावे लागते. त्यावर उपाय एकच: जुने आणि नवीन दोन्ही झोन त्या काळात तंतोतंत सारखे ठेवायचे, म्हणजे कोणी कुठेही विचारले तरी उत्तर तेच मिळते.

डीएनएसेकचा विषय मी सर्वांत काळजीपूर्वक हाताळला, कारण येथे चूक झाली तर अनेकांसाठी साइट अर्धवट नव्हे, पूर्ण नाहीशी होते. डोमेनचा डीएस रेकॉर्ड (सहीच्या कीची खूण) डॉट कॉमकडे असतो आणि तो जुन्या कंपनीच्या कीशी बांधलेला आहे. नवीन नेमसर्व्हरकडे ती की नाही. डीएस तसाच ठेवून नेमसर्व्हर बदलले असते तर सही तपासणाऱ्या प्रत्येक रिझॉल्व्हरने (वाचकासाठी डीएनएसचे उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरने) ‘सर्व्हफेल’, म्हणजे उत्तर मिळाले नाही, असे कळवले असते. अशा रिझॉल्व्हरवर अवलंबून असणाऱ्यांना साइटही दिसली नसती आणि त्यांचे ईमेलही पोहोचले नसते. जुन्या पॅनेलमध्ये डीएनएसेक बंद करण्याचे बटण नाही. मदतकक्षाला लिहून डीएस काढायला लावला, डॉट कॉमच्या सर्व्हरला थेट विचारून तो गेल्याची खात्री केली आणि त्याचा एक दिवसाचा टीटीएल संपेपर्यंत थांबलो.

२३ मार्च

नेमसर्व्हर बदलले. त्यासाठी ट्रान्सफरचे कुलूप आड येत नाही. ते फक्त रजिस्ट्रार बदलण्यापुरते आहे. दोन्ही झोनमधले ए रेकॉर्ड नवीन सर्व्हरकडे वळवले. संगणकावर नवीन साइट थोड्या वेळातच दिसू लागली.

२४ मार्च

एका परिचिताने कळवले की त्याला मोबाइलवर जुनीच साइट दिसते. माझ्याकडे संगणकावर नवीन, आणि मोबाइल डेटावर उघडली तर खरोखरच जुनी. प्रथम ब्राउझरच्या कॅशवर संशय घेतला. कॅश पुसली, खासगी खिडकी उघडली, दुसरा ब्राउझर वापरला. काहीही फरक पडला नाही. फोन घरच्या वायफायवर आणला की नवीन साइट, मोबाइल डेटावर नेला की जुनी.

याच सुमारास सर्टबॉट आता नेहमीच्या एचटीटीपी तपासणीवर वळवायला घेतले होते, म्हणजे पुढची नूतनीकरणे आपोआप होतील. तीही तपासणी फसली. तिच्या त्रुटीसंदेशात एक आयपी पत्ता छापलेला होता आणि त्यात कोलन होते. तो आयपीव्ही६ पत्ता होता, आणि तो जुन्या सर्व्हरचा होता.

दोन्ही बिघाडांचे मूळ एकच. झोन उतरवताना चौपट ए रेकॉर्डही प्रामाणिकपणे उतरवला गेला होता, आणि काल केवळ ए रेकॉर्ड बदलला. माझ्या वायफायवर आयपीव्ही६ नाही, म्हणून मला बिघाड दिसत नव्हता. मोबाइल नेटवर्कवर तो आहे, आणि जेथे तो असतो तेथे फोन त्यालाच प्राधान्य देतो. लेट्स एन्क्रिप्टही चौपट ए रेकॉर्ड असेल तर प्रथम तेथेच जाते. जोडणीच झाली नाही तर ते ए रेकॉर्डकडे वळते, पण येथे जुना सर्व्हर जिवंत होता आणि व्यवस्थित चुकीचे उत्तर देत होता.

नवीन सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता दोन्ही झोनमध्ये लिहिला, एनजिनएक्सला त्या पत्त्यावरही ऐकायला सांगितले (ही ओळ वेगळी लिहावी लागते), आणि फायरवॉलचे नियम आयपीव्ही६ साठी लागू आहेत याची खात्री केली. दोन्ही प्रश्न सुटले आणि एचटीटीपी तपासणीने नवीन प्रमाणपत्रही आले. स्थलांतरानंतर साइट एकदा तरी मोबाइल डेटावर पाहावी. त्याला काही मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

२ एप्रिल

ईमेल. येथे आजवरच्या कामापेक्षा जास्त वेळ गेला. एमएक्स रेकॉर्ड अजून जुन्या होस्टिंगकडेच होते, म्हणजे पॅकेज बंद केले असते तर पत्त्यावर आलेली प्रत्येक ईमेल परत गेली असती. ईमेलची सेवा वेगळ्या ठिकाणी घेतली, तेथे पूर्वीच्याच नावांच्या पेट्या उघडल्या, आणि आयमॅपसिंक या साधनाने जुन्या पेट्यांतली सर्व पत्रे फोल्डरांसकट उतरवली. एमएक्स बदलल्यानंतर, त्याचा टीटीएल उलटून गेल्यावर, उरलीसुरली पत्रे आणण्यासाठी तेच पुन्हा चालवले.

नवीन सेवेच्या सूचनांत ‘हा टीएक्सटी रेकॉर्ड जोडा’ असे लिहून एसपीएफची (डोमेनच्या नावाने ईमेल कोण पाठवू शकते हे सांगणारी) ओळ दिलेली असते. ती जशीच्या तशी जोडली तर जुनी आणि नवीन असे दोन एसपीएफ रेकॉर्ड होतात, आणि एका नावावर दोन एसपीएफ रेकॉर्ड असणे हीच कायमची त्रुटी मानली जाते. मग दोन्ही निरुपयोगी. म्हणून एकाच ओळीत दोन्ही सेवांचा समावेश केला आणि जुनी पेटी रिकामी झाल्यावर तिचा भाग काढून टाकला. एसपीएफ तपासताना डीएनएसला दहापेक्षा अधिक वेळा विचारावे लागले तरी ती त्रुटीच ठरते, त्यामुळे सेवा जोडत जाताना हे मोजावे. डीकिमचा नवीन सिलेक्टर ठेवला. डीमार्क (एसपीएफ आणि डीकिम दोन्ही फसलेल्या ईमेलचे काय करावे हे सांगणारा रेकॉर्ड) सुरुवातीला केवळ अहवाल मागवण्यापुरता लावला आहे. २०२४ पासून मोठ्या ईमेल सेवांनी पाठवणाऱ्यांवरचे निकष कडक केल्यामुळे लहान डोमेननेही हे तिन्ही नीट लावलेले बरे.

सर्व सुरळीत वाटत असताना एका ओळखीच्या व्यक्तीची पत्रे येणे थांबले. तिच्याकडे परत आल्याचा संदेश नव्हता आणि माझ्या नवीन पेटीत पत्रही नव्हते. जुन्या पेटीत पाहिले तर तेथे ती सर्व पडलेली होती. तिचे होस्टिंगही त्याच जुन्या कंपनीच्या त्याच सर्व्हरवर आहे, आणि तो सर्व्हर माझ्या डोमेनला अजून आपलेच समजत असल्याने एमएक्स न विचारताच पत्र आतल्या आत टाकत होता. पॅनेलमध्ये ईमेलच्या मार्गाची एक निवड असते, ती ‘लोकल’वरून ‘रिमोट’ केली आणि पत्रे नवीन पेटीत येऊ लागली. एमएक्सची कितीही तपासणी केली असती तरी हा बिघाड दिसला नसता.

१२ एप्रिल

सर्व्हरच्या लॉगमधून ४०४ ची (‘पान सापडले नाही’ अशी) उत्तरे वेगळी काढली. जुन्या मांडणीतले लेखांचे पत्ते नवीन मांडणीत बदलले होते आणि बाहेरून आलेले वाचक रिकाम्या पानावर जात होते. जुन्या पत्त्यांची यादी करून प्रत्येकासाठी कायमचे ३०१ वळण लिहिले. आरएसएस फीडचा (नवीन लेख वाचकांपर्यंत आपोआप नेणाऱ्या यादीचा) पत्ताही त्यात होता. तो सुटला असता तर नियमित वाचकांपर्यंत नवीन लेख पोहोचलेच नसते.

बॅकअप रोज रात्री आरसिंक या साधनाने दुसऱ्या ठिकाणी जातो. तो एकदा पूर्ण रिकाम्या सर्व्हरवर उतरवून पाहिला. पाने आली, पण एनजिनएक्सची मांडणी, ३०१ ची यादी आणि क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) ओळी बॅकअपमध्ये नव्हत्या. त्या आता जोडल्या आहेत. डीएनएसच्या झोनची प्रतही त्याच ठिकाणी ठेवली.

५ मे

कुलूप उघडले. ट्रान्सफरसाठी ऑथ कोड मागितला. पॅनेलमध्ये तो मिळत नाही, मदतकक्षाकडे मागावा लागतो, आणि त्यांनी ‘आधी पॅकेजचे नूतनीकरण करा’ असे उत्तर दिले. डोमेनची मुदत शिल्लक असताना अशी अट घालता येत नाही. कोड मागितल्यापासून पाच दिवसांच्या आत देणे रजिस्ट्रारवर आयकॅनच्या धोरणाने बंधनकारक आहे, हे त्यांना लिहिले आणि पहिल्या दिवशी टिपून ठेवलेल्या खऱ्या रजिस्ट्रारलाही तेच पत्र पाठवले. दुसऱ्या पत्रानंतर कोड आला. पैसे पुनर्विक्रेत्याकडे भरत असलो तरी नियमांची जबाबदारी रजिस्ट्रारवर असते, म्हणून त्याचे नाव माहीत असणे महत्त्वाचे.

१२ मे

ट्रान्सफर पूर्ण झाली. जुन्या रजिस्ट्रारने आपणहून मंजुरी दिली नाही, पण पाच दिवसांत हरकत न घेतल्यास ती आपोआप पुढे सरकते आणि तसेच झाले. ट्रान्सफरच्या शुल्कात एका वर्षाची वाढ धरलेली असते आणि ती उरलेल्या मुदतीत मिळवली जाते, म्हणजे मुदत आता पुढच्या वर्षीच्या २८ मेपर्यंत आहे. उरलेले दिवस वाया गेले नाहीत. नेमसर्व्हर स्वतंत्र असल्यामुळे साइट आणि ईमेल यांवर या बदलाचा काहीही परिणाम झाला नाही. डीएनएस जुन्या रजिस्ट्रारकडेच ठेवलेले असते तर त्याने झोन पुसल्याबरोबर सर्व बंद पडले असते.

नवीन रजिस्ट्रारकडून संपर्काचा पत्ता पडताळण्याचे ईमेल आले आणि ते स्पॅममध्ये पडलेले होते. हे ईमेल दुर्लक्षून चालत नाही: १५ दिवसांत पडताळणी झाली नाही तर डोमेन स्थगित केले जाऊ शकते. दुवा उघडून पडताळणी केली, दोन टप्प्यांचे लॉग-इन चालू केले, त्याचे राखीव कोड कागदावर लिहून ठेवले आणि ऑटो-रिन्यूअल सुरू केले. डीएनएसेक नवीन कीने पुन्हा लावला. नवीन डीएस डॉट कॉमकडे गेल्यावर सही जुळते का हे बाहेरून तपासले, जुळते.

२५ मे

प्रमाणपत्राचे पहिले आपोआप नूतनीकरण झाले. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि सर्टबॉट शेवटचे ३० दिवस उरले की नवीन आणतो. सर्व्हरच्या डिस्कवर नवीन फाइल होती, पण ब्राउझरमध्ये जुनीच तारीख दिसत होती. एनजिनएक्सने सुरू होताना वाचलेले प्रमाणपत्र त्याच्या स्मृतीत होते आणि त्याला पुन्हा वाचायला कोणी सांगितले नव्हते. सर्टबॉटला नूतनीकरणानंतर एनजिनएक्स रीलोड करण्याचा हुक (आपोआप चालणारी आज्ञा) जोडला.

हे आज लक्षात आले, कारण मी मुद्दाम पाहिले. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणे ४ जून २०२५ पासून बंद केले आहे, त्यामुळे आठवण करून देणारे आता कोणी नाही. शिवाय प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटत आहे: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस संपले. रोज एकदा बाहेरून साइटला जोडून, प्रत्यक्ष मिळालेल्या प्रमाणपत्राची तारीख पाहणारी आणि वीसपेक्षा कमी दिवस उरल्यास ईमेल पाठवणारी एक छोटी स्क्रिप्ट दुसऱ्या संगणकावर ठेवली आहे. डिस्कवरची फाइल पाहणारी स्क्रिप्ट येथे फसली असती.

२७ मे

जुने पॅकेज बंद केले. त्याआधी नवीन झोनमधला प्रत्येक रेकॉर्ड पुन्हा वाचला आणि एक उपडोमेन अजून जुन्या सर्व्हरच्या आयपीकडे बोट दाखवत असल्याचे आढळले. ते तसेच राहिले असते तर पुढे तो पत्ता ज्याला मिळेल त्याला माझ्या नावाने पान दाखवता आले असते. रेकॉर्ड काढून टाकला. पॅकेजचे ऑटो-रिन्यूअल बंद आहे याचे लेखी उत्तर मदतकक्षाकडून घेतले.

शेवटी एका कागदावर चार ओळी लिहून घरच्यांकडे दिल्या: डोमेन कोणाकडे, डीएनएस कोणाकडे, सर्व्हर कोणाकडे, ईमेल कोणाकडे, आणि प्रत्येकाची मुदत केव्हा संपते. मी काही काळ लक्ष देऊ शकलो नाही तरी डॉट कॉमचे डोमेन मुदत संपल्याबरोबर जात नाही. रजिस्ट्रारच्या मर्जीनुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत, त्यानंतर ३० दिवस जादा शुल्क भरून परत मिळवण्याची सोय, आणि मग ५ दिवसांनी ते सर्वांना खुले होते. ४५ दिवसांची खात्री मात्र धरू नये, कारण ती सवलत किती द्यायची हे रजिस्ट्रार ठरवतो. डीमार्कचे अहवाल महिनाभर स्वच्छ आले तर धोरण ‘क्वारंटाइन’वर (संशयित ईमेल स्पॅममध्ये टाकण्यावर) नेणार आहे, तेवढेच काम बाकी आहे.